आषाढातल्या टेंबलाईच्या यात्रेला ठरवलेलं पी-ढबाक

पंचगंगेला नवं पाणी आलं की कोल्हापुरात गल्लोगल्लीच्या त्र्यंबोली, म्हणजे टेंबलाई देवीच्या यात्रा सुरू होतात. आषाढातल्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी कळशा भरायच्या, वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जायचं, देवीच्या पायरीवर पाणी घालायचं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीनं यंदा साउंड सिस्टिम बंद करून पी-ढबाक, म्हणजे सनई-ढोलाचं पथक लावलं. लई भारी निर्णय! मी कळशीवाल्या बायकांतली, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आदल्या वर्षी स्पीकरच्या भिंतीपुढं पोरं नाचत होती आणि आम्ही मागनं नुसतं पाणी वाहत होतो. छाती धडधडायची. सासूबाईंनी तर दार लावून घेतलं होतं. यंदा सनई कानावर आली आणि पदर खोचून त्याच पहिल्या बाहेर.

या पथकाला मानलं ते चालीसाठी. डोक्यावर भरली कळशी असली की पाऊल लयीतच पडावं लागतं. ढोलवाले मामा सारखं मागं वळून आमच्याकडं बघत ठेका धरत होते. टेकडीचा चढ लागल्यावर त्यांनी तो आपसूक संथ केला. कळशीतला कडुलिंबाचा डहाळा हलत होता, पण पाणी सांडलं नाही.

बागल चौकाजवळ जोराची सर आली. ढोलाचं कातडं सैल पडलं, आवाज भद्द यायला लागला. मामांनी चहाच्या गाड्याशेजारी आडोशाला कागद पेटवले, ढोल त्या धगीवर फिरवत राहिले, मधेमधे अंगठ्यानं दाबून बघितलं. टिचकीला टणक आवाज आल्यावरच उठले. तोवर सनईवाला एकटा वाजवत होता आणि गल्लीतल्या पोरी, ज्या एरवी मोबाइलवर शूटिंग करत कडेला उभ्या असतात, त्यांनी भर पावसात फेर धरला. वरच्या मजल्यावरच्या काकूही त्यात घुसल्या.

उणं एकच. सनईवाला एकच होता, टेकडीपाशी त्याचा दम संपला. ठरवतानाच दोन सनया मागून घ्या. सुपारी स्पीकरपेक्षा बरीच कमी पडली. उरलेले पैसे रात्रीच्या मटणाला लागले.

आषाढातले मंगळवार-शुक्रवार मोजकेच, आणि सगळ्या पेठांना तेच वार पाहिजेत. त्यामुळं ज्येष्ठातच इसार देऊन ठेवा.