काँट्रा पुन्हा खेळायचंय? आधी टीव्हीकडे बघा

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, त्यांना आता चाळिशीच्या आसपास कधीतरी काँट्रा या गोळीबाराच्या जुन्या खेळाची हुक्की येते. मग शोध सुरू होतो आणि चार वाटा दिसतात. बाजारात अजूनही मिळणारा स्वस्त टीव्ही गेम, जुनं अस्सल मशीन, कंपन्यांनी नव्याने काढलेले अधिकृत संच आणि कॉम्प्युटर-मोबाइलवरचे इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. नंतरच्या काळातल्या खेळांसाठी पाचवी वाट म्हणजे नव्याने बांधलेला रीमेक. बहुतेक लोक मशीन कोणतं घ्यायचं यावर डोकं खपवतात. माझ्या मते मशीनचा नंबर तिसरा. पहिला पडद्याचा, दुसरा शेजारी दुसरा रिमोट (खेळायचा कंट्रोलर) धरून कोण बसणार आहे त्याचा.

पडदा का, ते सांगतो. हे खेळ सेकंदाला 60 चित्रांच्या हिशेबाने बांधलेले आहेत, म्हणजे एक चित्र साधारण 17 मिलिसेकंद दिसतं. जुन्या डब्बा टीव्हीत सिग्नल आला की लगेच पडद्यावर उमटायचा. आजचा टीव्ही आधी चित्र मोठं करतो, गुळगुळीत करतो, रंग सजवतो आणि मग दाखवतो. या सजावटीत काही टीव्ही 100 मिलिसेकंदांपर्यंत वेळ खातात, म्हणजे सहा चित्रं. सिनेमा बघताना ते कळतही नाही, पण मारिओच्या आठव्या वर्ल्डमध्ये खड्ड्याच्या काठावरून उडी मारताना बरोबर कळतं. ‘वय झालं, आता हात चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचे हात ठणठणीत असतात, टीव्ही उशीर करतो. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, त्यात ही सजावट कमी होते. सोबत चित्राचा आकार 4:3 करून घ्या, नाहीतर मारिओ आडवा सुटलेला दिसतो.

बाजारातला टीव्ही गेम

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही विचारलंत तर काउंटरखालून एक खोकं निघेल. निंटेंडोने 1983 साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची ही नक्कल. आपल्याकडे लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी जे घरोघरी पोचलं ते हेच. समुराई नावाने परवाना असलेलं मशीनही भारतात आलं होतं, पण नकलांच्या किमतीपुढे त्याचा टिकाव लागला नाही.

उघडून बघितलं तर फरक लगेच दिसतो. अस्सल मशीनमध्ये प्रोसेसर आणि चित्राची चिप वेगवेगळ्या असतात. इथे हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा गोळा असतो आणि सगळं त्या गोळ्याखाली. त्यामुळे आवाज ओळखीचा असूनही थोडा कर्कश लागतो. कॅसेटवर ‘9999999 इन 1’ लिहिलेलं असतं. आत मोजके खेळ, आणि तेच काँट्रा कधी तिसऱ्या स्टेजपासून, कधी 30 लाइफसह वेगळ्या नावाने परत परत यादीत. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रांचे. त्यासाठी बनवलेल्या नकली मशीनवर 60 चित्रांचा खेळ साधारण सहावा हिस्सा हळू चालतो. म्हणजे काही घरांत मारिओ मुळापेक्षा निवांत पळत होता, आणि तिथं वाढलेल्याला अस्सल वेगाचा मारिओ आता घाईत वाटतो!

घ्यावा का? घरात आठ-दहा वर्षांची मुलं असतील आणि रविवारी दुपारी गोंधळ घालायचा असेल तर बिनधास्त. किंमत कमी, तुटला तर दुःख नाही. मात्र तुमच्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा आहे का ते आधी तपासा. मारिओ मनापासून पुरा करायचा असेल तर यावर खेळू नका. याच्या रिमोटची बटणं महिन्याभरात पोचट होतात.

अस्सल मशीन आणि डब्बा टीव्ही

ही वाट शौकिनांची. खरं सांगायचं तर एका खेळासाठी तिला तोडच नाही, आणि तो म्हणजे डक हंट. बंदुकीचा घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो, त्याला तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसला तर बदक पडलं. उशिराने चित्र दाखवणाऱ्या सपाट टीव्हीवर हा क्षणच चुकतो, म्हणून नेम कितीही अचूक असला तरी नेम चुकल्यावर हसणारा खेळातला कुत्रा हसतोच. घरच्या माळ्यावर चालू डब्बा टीव्ही असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी दोनदा विचार करा.

बाकी खेळांसाठी मात्र हा खटाटोप परवडत नाही. जुनी मशीन आणि कॅसेटी बाहेरून मागवायच्या, जपानी मशीनची कॅसेट 60 पिनांची तर अमेरिकी मशीनची 72 पिनांची, म्हणजे एकाची दुसऱ्यात बसत नाही. झेल्डासारख्या खेळांच्या कॅसेटमध्ये सेव्ह टिकवण्यासाठी छोटा सेल असतो, तो मेला की तुमची प्रगतीही गेली. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणं बंद करा. फुंकरीने फायदा होत नव्हता, काढून पुन्हा बसवल्याने पिना नीट टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट त्या गंजतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

अधिकृत संच

निंटेंडोने नोव्हेंबर 2016 मध्ये तळहातावर मावेल एवढा एनईएस क्लासिक काढला (एनईएस हे फॅमिकॉमचं जपानबाहेरचं नाव). 30 खेळ आत भरलेले, एचडीएमआय जोडणी, चित्र स्वच्छ. रिमोटची वायर मात्र इतकी आखूड की टीव्हीला नाक लावून बसावं लागतं. आणि गंमत म्हणजे यात काँट्राचा दुसरा भाग, सुपर सी, आहे पण मूळ काँट्रा नाही. डक हंटही नाही, त्याचं कारण वर आलंच. सोनीने डिसेंबर 2018 मध्ये 20 खेळांचा प्लेस्टेशन क्लासिक आणला, त्यातले नऊ खेळ युरोपच्या 50 चित्रांच्या आवृत्तीतले निघाले. त्यात टेकेन 3 पण! पार्लरमध्ये ज्यांनी टेकेनमधल्या एडी गोर्डो या पात्राने नुसती बटणं बडवून मित्रांना लोळवलं, त्यांना हा संथ टेकेन पहिल्याच फाइटमध्ये खटकेल. हा संच कुणी ‘जवळजवळ नवा’ म्हणून विकत असेल तर सोडून द्या.

निंटेंडो स्विच असेल तर त्याच्या ऑनलाइन वर्गणीत जुने खेळ मिळतात, 2018 पासून ही सोय आहे. पण स्विचची भारतात अधिकृत विक्री नाही, दुकानात मिळतो तो बाहेरून आणलेला. नुसत्या मारिओसाठी एवढा खर्च मला पटत नाही. आधीच घरात असेल तर गोष्ट वेगळी.

काँट्रासाठी माझी पसंती सरळ आहे, कोनामीचा 2019 चा काँट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन, स्विच, सगळीकडे चालतो. यात 1988 चा कॅसेटवरचा काँट्रा आहेच, शिवाय जपानी आवृत्तीही आहे. तिच्यात पहिल्या स्टेजची झाडं वाऱ्याने हलतात आणि बर्फाच्या स्टेजमध्ये खरंच बर्फ पडतो. अमेरिकी कॅसेटीत हे काढून टाकलं होतं. जुना गुप्त कोड आठवतो? वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए, मग स्टार्ट. 30 लाइफ यातही मिळतात.

मध्येच सेव्ह करायची सोय यात आहे. ऑफिस, मुलांचा अभ्यास, कुकरच्या शिट्ट्या यांतून अर्धा तास काढणाऱ्याला ती हवीच. फक्त प्रत्येक गोळीनंतर सेव्ह करू नका. काँट्राची मजा एस गन (एकदम पसरून गोळ्या मारणारी बंदूक) हातातून जाण्याच्या धास्तीत आहे, ती धास्ती गेली की उरतो तो डावीकडून उजवीकडे चालणारा माणूस. आणि एकट्याने खेळू नका. तिसऱ्या स्टेजला धबधबा चढताना एक जण घाईने वर गेला की पडदा वर सरकतो आणि खालचा पडद्याबाहेर पडून मरतो. त्यावरून होणारी भांडणं हा या खेळाचा अर्धा भाग आहे.

इम्युलेटर

सगळ्यात स्वस्त आणि, नीट बसवला तर, सगळ्यात चांगला. रेट्रोआर्कसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तर खेळाच्या आतला उशीर आधीच हिशेब करून कमी करायची सोय आहे. ॲपलने 2024 मध्ये आयफोनवरही इम्युलेटरला परवानगी दिली. पण काचेवरच्या बटणांवर मारिओ खेळणं म्हणजे शिक्षा. साधा वायरवाला यूएसबी रिमोट घ्या, ब्लूटूथही थोडा वेळ खातं.

अडचण कायद्याची आहे. इम्युलेटर बेकायदा नाही, पण नेटवरून उतरवलेली खेळाची फाइल कॉपीराइटचा भंग ठरते, खेळ कितीही जुना असो. दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा 2010 पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ कुठेही विकत मिळत नव्हते. जे मिळतं ते विकत घ्या, एवढंच मी म्हणेन. मारिओ आणि काँट्रा मिळतात.

प्लेस्टेशनच्या जमान्यातले खेळ

इथं हिशेब उलटा होतो. सपाट चित्रांचे खेळ जसेच्या तसे खेळावेत, कारण त्यांत जुनं झालेलं फारसं काही नाही. मारिओमधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. 40 किलोबाइटमध्ये सगळा खेळ कोंबायचा होता, आणि ती काटकसर आजही देखणी दिसते. पण सुरुवातीच्या थ्रीडी खेळांत कॅमेरा आणि चालण्याची पद्धत खूप जुनी वाटते. 1998 च्या रेझिडेंट इव्हिल 2 मध्ये पात्र रणगाड्यासारखं जागेवर वळतं. पहिल्यांदाच खेळणाऱ्याने 2019 चा रीमेक घ्यावा. शॅडो ऑफ द कोलोसस 2005 मध्ये प्लेस्टेशन 2 ला झेपत नव्हता, अक्षरशः अडखळत चालायचा, 2018 च्या रीमेकने ते दुखणं घालवलं.

जीटीए सॅन अँड्रियासच्या बाबतीत मात्र सावध राहा. 2004 च्या मूळ खेळात लांबचं सगळं धुक्यात विरायचं, मशीनची ताकद कमी म्हणून. 2021 च्या नव्या आवृत्तीत धुकं काढलं आणि डोंगरावरून एकदम सगळी शहरं दिसू लागली. ज्या नकाशात आपण हरवायचो तो कॉलनीएवढा दिसला. पाऊस, चेहरे, बिघाड यांवरून एवढी ओरड झाली की खेळ काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला माफी मागावी लागली. 2024 च्या शेवटी आलेल्या अपडेटने जुन्यासारखा प्रकाश परत दिला आणि बऱ्याच चुका सुधारल्या. तेव्हा घेणार असाल तर अपडेट केलेलीच खेळा. पण जुनी डीव्हीडी आणि चालू प्लेस्टेशन 2 घरात असेल तर पैसे घालवू नका.

मारिओकडे वळणाऱ्यांसाठी शेवटची एक टीप. मूळ सुपर मारिओमध्ये सेव्ह नाही, पण गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या स्क्रीनवर ए दाबून ठेवून स्टार्ट दाबलं की ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं. मशीन बंद करू नका, तेवढं पाळा.