कंपोझिट कवचासाठी कोणता सिद्धांत: किर्खहॉफ-लव्ह की कर्तनाचा हिशेब ठेवणारा?

लव्हने १८८८ मध्ये पातळ कवचांसाठी (म्हणजे वक्र, पातळ भिंतीच्या रचनांसाठी) मांडलेला सिद्धांत किर्खहॉफच्या गृहीतकावर उभा आहे: मध्यपृष्ठाला (जाडीच्या मधोमध असलेल्या पृष्ठाला) लंब असलेली रेषा वाकल्यानंतरही लंबच राहते. म्हणजे जाडीतलं कर्तन (थर एकमेकांवरून सरकल्यासारखी विकृती) शून्य. अज्ञातं फक्त तीन (तीन दिशांतली विस्थापनं), समीकरणं देखणी. पोलादी पातळ टाकीसाठी मी आजही डोळे झाकून हाच घेईन.

कार्बन तंतूंच्या थरांचं कवच आलं की गणित बदलतं. कर्तनाचा परिणाम साधारण (ई/जी) गुणिले (जाडी/लांबी)चा वर्ग या प्रमाणात वाढतो; ई म्हणजे पदार्थाचा ताणाविरुद्धचा ताठपणा, जी म्हणजे कर्तनाविरुद्धचा. पोलादात ई/जी सुमारे २.६, तंतूंच्या दिशेने कार्बन-इपॉक्सीत तो २५-३० च्या घरात जातो. भूमिती तीच, पण चूक दहापट! भूमितीने पातळ दिसणारं कवच पदार्थामुळे ‘जाड’ वागतं, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

राइसनर-मिंडलिन पद्धतीत त्या रेषेला झुकायची मुभा मिळते, अज्ञातं पाच होतात. फायनाइट एलिमेंटमध्ये (रचनेचे छोटे तुकडे पाडून संगणकावर सोडवण्याच्या पद्धतीत) हे सोपंही जातं, कारण उताराचं सातत्य लागत नाही. फक्त पातळ कवचात शिअर लॉकिंग (गणितात कवच खोटंच ताठ होणं) सांभाळावं लागतं. मात्र जाडीभर कर्तन एकसारखं धरल्याची भरपाई करणारा ५/६ हा दुरुस्ती गुणांक एकजिनसी छेदासाठीचा आहे. मऊ गाभ्याच्या सँडविच कवचात तो तसाच वापरणं घातक. थरांवरून नव्याने काढायलाच हवा.

असममित थररचनेतलं ताण-वाक यांचं युग्मन (ताणलं की कवच वाकतंही) दोन्ही सिद्धांतांत येतं. थर सुटण्याची भीती असेल, तर दोन्ही अपुरे. तिथे प्रत्येक थराची हालचाल वेगळी धरणारा थरवार सिद्धांतच घ्यावा.