सोलापूरहून गोकाकचा धबधबा: पाणी पाहून आणि वेळ काढून जा

धबधब्याला पाचपैकी पाच. ज्या एकदिवसीय सहलीतून गेलो तिला दोन, तेही ड्रायव्हर भला माणूस होता म्हणून.

आमचे अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. उभी हयात सोलापुरात गिरणीच्या सूत खात्यात गेली. रिंग फ्रेमच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्राच्या, आवाजानं कान थोडे अधू झालेत, पण गिरणीचा विषय निघाला की सगळं नीट ऐकू येतं. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला धबधब्याच्या काठावरच गिरणी आहे, हे त्यांनी नोकरीत असताना कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं, “एकदा बघायचंय गं.” ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी योग आला.

पहाटे चारला सोलापुरातल्या ‘सात रस्ता’ चौकातून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. माणशी चौदाशे रुपये, त्यात नाश्ता आणि जेवण. विजापूर, जमखंडी, मुधोळ असा रस्ता. विजापूरपर्यंत गाडी सुसाट जाते, पुढं वेळ खाते. आम्हाला पोचायला साडेदहा वाजले. नाश्त्याची इडली गार होती. मी घरून शेंगाचटणी आणि धपाटे नेले होते, अण्णांचं त्यावर भागलं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर डबा न्याच.

गाडीतून उतरल्यावर आधी धबधबा दिसतच नाही, ऐकू येतो. अण्णा थांबले आणि म्हणाले, “खातं चालू हाय.” मला वाटलं त्यांना गिरणीचा आवाज येतोय. तो पाण्याचा होता. सलग, न तुटणारा, पायाखालच्या दगडातून पोटऱ्यांत चढणारा.

घटप्रभा नदी सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेकडं वाहत येते आणि इथं 52 मीटर खाली कोसळते. म्हणजे सतरा मजली इमारतीच्या गच्चीवरून अख्खी नदी खाली येते. काठ सरळ रेषेत नाही, घोड्याच्या नालासारखा आत वळलेला आहे. काठाची रुंदी 177 मीटर. आपण सोलापूरची माणसं काळा दगड बघत वाढलो. इथला खडक वेगळा, वालुकाश्म. उन्हात तांबूस दिसतो, हात लावला की खरखरीत लागतो. त्यात उभ्या-आडव्या भेगा आहेत. पाणी त्या भेगांत शिरतं, खालचा दगड पोखरतं, मग वरचा आधार सुटून चिरे ढासळतात. मधल्या भागात पाण्याचा जोर जास्त, म्हणून तिथली कडा जास्त मागं सरकते आणि नालाचा आकार होतो. हे समजल्यावर मी पुन्हा काठाकडं पाहिलं. पाण्याची धार जिथं तुटत होती, तिथं भिंतीतून विटा निखळाव्यात तसे चौकोनी खाचे दिसत होते.

पाणी पांढरंशुभ्र नाही, हेही सांगते. ऑगस्टमध्ये ते चहाच्या रंगाचं असतं, वरच्या रानांची माती घेऊन आलेलं. फोटोत काहींना गढूळ वाटेल. मला तोच रंग आवडला. आमच्या पेठेत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, पिंपं भरताना आम्ही तांब्याचाही हिशोब करतो. एवढं पाणी एका वेळी, कुणी न मोजता, समोरून जाताना पाहिलं आणि माझे डोळे भरले. तुषारांनी चष्मा ओला झालाच होता, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

गिरणी काठालाच लागून आहे. 1887 साली ती सुरू झाली ती याच पाण्याच्या ताकदीवर. खाली दरीच्या पायथ्याशी वीजघर आहे. अण्णा काठी टेकून बराच वेळ वाकून खाली बघत होते. मग म्हणाले, “आपल्याकडं भट्टी पेटल्याबिगर चाती फिरत नव्हती. कोळसा संपला की खातं गार. इथं नदीच भट्टी झालीय बघ.” धबधबा म्हणजे नुसता बघायचा देखावा नाही, एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यात माणसांना रोजगार देणारं बळ असतं, हे मला त्यांच्या त्या एका वाक्यानं कळलं.

आता तक्रार. सहलीवाल्यांनी इथं पाऊण तास दिला. पाऊण तास! तेराएक तास गाडीत बसायचं आणि ज्यासाठी आलो तिथं पाऊण तास. बरोबर आलेल्या माणसानं नदीचं नाव सोडून काही सांगितलं नाही. गिरणीबद्दल त्याला माहीतच नव्हतं. काठावरचं चालुक्यकाळातलं मंदिर आम्ही लांबून पाहिलं. ड्रायव्हरनं अण्णांकडं बघून स्वतःहून अर्धा तास वाढवून दिला, त्याचे मनापासून आभार. धबधब्याजवळ नदीवर असलेला झुलता पूल त्या दिवशी बंद होता, पाणी जास्त असल्यामुळं तोंडाशी साखळी लावली होती. ते योग्यच केलं. उलट काठावर जागोजागी कठडा नाही, तिथं कुणीतरी उभं असायला हवं. शेवाळलेल्या खडकावर तरणी पोरं सेल्फीसाठी पुढं पुढं सरकत होती. माझा जीव वरखाली होत होता. पोरांना हात धरूनच न्या.

जाण्याआधी एक गोष्ट नक्की करा. वर हिडकल धरण आहे, पुढं धुपदाळचा बंधारा. वरून पाणी सुटलं तरच धबधबा असा दिसतो. उन्हाळ्यात गेलात तर उघडा कडा बघून परत याल. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस बरे, पण निघण्याआधी तिकडच्या कुणाला तरी पाणी आहे का विचारून घ्या. जमलं तर स्वतःची गाडी न्या आणि एक मुक्काम करा. गोकाक गाव तिथून सहा किलोमीटरवर आहे.

गावातून करदंट घेतल्याशिवाय येऊ नका. गूळ, डिंक आणि सुकामेव्याची ही वडी. दाताखाली आधी कडक लागते, मग डिंक फुटतो आणि गूळ सावकाश विरघळतो. अण्णांना ती चावत नाही. मी खलबत्त्यात कुटून त्यांना रोज रात्री दुधाबरोबर चमचाभर देते. पाव किलो आणलं होतं, संपत आलंय. झुलता पूल उघडला की सांग, असं त्यांनी मला बजावून ठेवलंय.