पायथनमध्ये नंबरला किती बिट लागतात: बिट_लेंथ, बिन, लॉग२ की लूप?

३७ सारखा साधा नंबर दिला तर चारही पद्धती ६ च सांगतात, म्हणून कुठलीही उचलली तरी चालेल असं वाटतं. नाही चालत. शून्य, निगेटिव्ह आणि मोठे नंबर आले की प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या दिशेला जातं.

लॉग२ आधीच बाद करा. लॉग काढायचा, फ्लोअर (खालचा पूर्णांक) घ्यायचा, १ मिळवायचा, गणित म्हणून बरोबरच आहे, पण हिशोब फ्लोटमध्ये (दशांश नंबर ठेवायच्या प्रकारात) होतो आणि फ्लोटकडे अचूकता ५३ बिटचीच. २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५, देऊन बघा. याला ६४ बिट पुरतात, पण फ्लोट होताना नंबर १ ने वर सरकतो, लॉग नेमका ६४.० येतो आणि हातात ६५ पडतात. शून्य दिलं तर व्हॅल्यूएरर येते, ती निदान दिसते तरी, हे ६५ कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

लेन(बिन(एन)) वजा २, म्हणजे नंबरच्या बायनरी स्ट्रिंगची लांबी, सुरुवातीची 0b ही दोन अक्षरं सोडून, हे पॉझिटिव्ह नंबरला कधी चुकत नाही, छोट्या स्क्रिप्टमध्ये खुशाल वापरा. फक्त शून्याला १ सांगतं आणि -३७ ला ७, कारण मायनसचं चिन्हपण मोजलं जातं, आणि एका आकड्यासाठी आख्खी स्ट्रिंग तयार होते ती वेगळीच.

उजवीकडे शिफ्ट करत मोजणारा लूप शिकायला छान, पण हजारो बिटच्या नंबरवर दर शिफ्टला नवा इंटिजर बनतो, त्यामुळे रडतो.

माझं मत सरळ आहे, बिट_लेंथ (इंटिजरची स्वतःची मेथड) घ्या. २.७ आणि ३.१ पासून आहे, आणि नेहमीच्या ६४ बिट मशीनवर पायथन नंबर ३० बिटच्या तुकड्यांत ठेवतो, तुकडे किती ते आधीच माहीत असतं, म्हणून फक्त सगळ्यात वरचा तुकडा बघून उत्तर मिळतं, नंबर कितीही मोठा असो. शून्याला ० सांगतो, ते मला पटतं, पण बाइट काढताना (बिट_लेंथमध्ये ७ मिळवून ८ ने पूर्णांक भागाकार) शून्यालाही एक बाइट हवा असेल तर मॅक्स लावून किमान १ धरा.

निगेटिव्हला मात्र थांबून विचार करा, कारण बिट_लेंथ चिन्ह सोडून मोजतो. -१२८ ला ८ सांगतो आणि १२८ लाही ८, पण टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (निगेटिव्ह नंबर बिटांत ठेवायच्या नेहमीच्या पद्धतीत) -१२८ आठ बिटांत बसतो, १२८ ला नऊ लागतात. साइन्ड फील्डची (चिन्हासकट नंबर ठेवायच्या जागेची) रुंदी हवी असेल तर निगेटिव्ह नंबरचे आधी सगळे बिट उलटे करा (टिल्ड लावून), मग बिट_लेंथ, मग १ मिळवा. पॉझिटिव्हला बिट_लेंथमध्ये नुसता १ मिळवा. जावाच्या बिगइंटिजरमधला बिटलेंथ -१२८ ला ७ सांगतो, तेव्हा तिकडचा कोड इकडे आणताना नुसतं नाव सारखं बघून ओळ कॉपी करू नका.