ईस्टरच्या पहाटेची प्रार्थना-पुस्तिका

शरणपूर परिसरातील ईस्टरच्या पहाटेच्या सामुदायिक उपासनेसाठी नाशिकमधील एका दुकानातून घेतलेल्या या मराठी पुस्तिकेची भाषा साधी असून, ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा ताल देणाऱ्या नारायण वामन टिळकांच्या परंपरेशी ती नाते सांगते. मंडळीने म्हणायच्या ओळी ठळक छापल्यामुळे नवखा माणूसही अडखळत नाही. राखेच्या बुधवारपासून, रविवार वगळता, 40 दिवसांचा उपवासकाळ पाळल्यावर ‘ख्रिस्त उठला आहे’ या घोषणेला सर्वांनी ‘खरोखर उठला आहे’ असे एकसुरात उत्तर दिले, तेव्हा अंगणातल्या कडुलिंबाची कोवळी पालवी नुकती दिसू लागली होती आणि मला गहिवरून आले. मात्र मेणबत्तीच्या उजेडात वाचायच्या पुस्तिकेचा टाइप इतका बारीक नको होता. शेजारच्या आजींनी ती अर्ध्यावरच मिटली आणि पाठ होत्या तेवढ्याच प्रार्थना म्हटल्या.