जालन्याच्या ताफ्यातील बीएस-६ ट्रक: दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

जालन्यातून सळई, कापूस आणि सरकी वाहून नेणाऱ्या आमच्या ताफ्यात बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण-मर्यादांचे) ट्रक दाखल होऊन आता दोन उन्हाळे उलटले आहेत. बीएस-३ आणि बीएस-४ गाड्याही अजून सोबत चालत असल्याने दोन्हींतला फरक रोज समोर दिसतो. माझे मत आधीच मांडतो: डिझेलचा धूर कमी करणारी ही यंत्रणा मराठवाड्याच्या उन्हातही चांगले काम करते, मात्र गाडी कोणत्या फेरीवर लावली आहे आणि तिच्या टाकीत धूर स्वच्छ करण्यासाठीचा कोणता युरिया (डेफ) जातो, यावर तिचे सारे यश अवलंबून आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आली. जड वाहनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅम इतकी खाली आणली गेली. चाचणीची पद्धतही बदलली असल्याने हे दोन आकडे अगदी तंतोतंत ताडून पाहता येत नाहीत, तरी घट किती मोठी आहे ते कळते. आमच्याकडे सकाळी गाडी निघण्यापूर्वी सायलेन्सरच्या तोंडात आतून पांढरे फडके फिरवतात. बीएस-४ गाडीचे फडके काळेकुट्ट निघते. बीएस-६ गाडीचे जवळजवळ कोरेच राहते, आणि ज्या दिवशी त्यावर काजळी दिसेल त्या दिवशी फिल्टरला तडा गेल्याचा संशय घेऊन गाडी तपासायला पाठवायची, असा नियमच केला आहे. मोंढ्यात ट्रक मागे घेताना हमाल धुराच्या झोतातच उभे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले, हे लक्षात घेतले तर या कोऱ्या फडक्याची किंमत कळते.

आता फेरीविषयी. काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरत आला की त्यातील काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी धुराचे तापमान बरेच चढावे लागते. समृद्धी महामार्गाने नागपूरकडे भरून जाणाऱ्या ट्रकमध्ये एकसारखा वेग आणि इंजिनावर भार असल्यामुळे ही सफाई वाटेतच होऊन जाते, चालकाला कळतही नाही. याउलट औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणाऱ्या आमच्या लहान बस थोडे अंतर जातात, थांबतात, पुन्हा निघतात. त्यांचे इंजिन पुरते तापतच नाही आणि डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. तो दिवा पाहूनही गाडी तशीच रेटली, तर पुढे ताकद तुटते आणि फिल्टर काढून साफ करण्याचा खर्च अंगावर येतो. म्हणून या बसना अधूनमधून लांबची फेरी देतो, आणि दिवा लागल्यास मोकळ्या जागेत उभ्या करून बटणाने सफाई करायला लावतो. जागा मोकळीच हवी, यावर मी फार कडक आहे. सफाईच्या वेळी फिल्टरमधील तापमान ५५० ते ६०० अंशांच्या घरात जाते; जिनिंगच्या आवारात, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करून ते बटण कोणीही दाबू नये.

सर्वाधिक त्रास झाला तो युरियाचा. डेफ म्हणजे अतिशुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरिया. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये व पाण्यात रूपांतर करतो. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या एका चालकाने वाटेत, बीडच्या पुढे, एका टपरीवरून स्वस्तातला कॅन घेऊन टाकी भरली. काही दिवसांत दिवा लागला आणि चढावर गाडी ओढेना. फिटरने फवारणीचा नोझल उघडला तेव्हा त्याच्या तोंडाशी मिठागरासारखा पांढरा थर घट्ट बसलेला होता. असा कॅन दिसायला निर्मळ असतो, पण त्यातील पाणी बोअरचे असेल, तर त्यातील क्षार थेट उत्प्रेरकावर, म्हणजे ही रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागावर, जाऊन बसतात. तेव्हापासून सीलबंद माल, ओळखीचा विक्रेता आणि मुदतीची तारीख पाहिल्याशिवाय आम्ही डेफ घेत नाही. साठवणही बदलली. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले डेफ लवकर खराब होते आणि झाकण उघडताच अमोनियाचा वास नाकात जातो, म्हणून आता थोडाच साठा करून तो जाड भिंतींच्या खोलीत ठेवतो. डिझेलचे नरसाळे त्याला लावायचे नाही, तांब्या-पितळेचे भांडे तर मुळीच नाही.

यंत्रणा ‘बंद करून देतो’ असे सांगणारे कारागीर भेटतात. काहीजण फिल्टर पोकळ करून देतात, काहीजण डेफ न भरताही गाडी पळवणारी पेटी बसवतात. त्यांच्या वाटेला कोणीही जाऊ नये. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची केवळ दाटी मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड मोजला जात नाही. त्यामुळे डेफ बंद असलेली गाडीही तिथे सहज पास होऊ शकते आणि विषारी वायू गावभर सोडत फिरते. कायद्यालाही हे मान्य नाही आणि माणुसकीलाही नाही.

इंजिनाचे तेल कमी राख देणारेच वापरावे, कारण काजळी जळून जाते पण राख फिल्टरमध्ये साचतच राहते. भरणीच्या रांगेत इंजिन चालू ठेवण्याची सवय चालकांकडून हळूहळू सोडवली. उभ्या गाडीत धूर थंड पडतो आणि डेफची फवारणीही थांबते, हे समजावून सांगितल्यावर ज्येष्ठ चालकांनीच पुढाकार घेतला.

नवी खरेदी करताना लांब पल्ल्यासाठी मी पुन्हा बीएस-६ डिझेल ट्रकच घेईन. वसाहतीतल्या छोट्या फेऱ्यांसाठी मात्र डिझेल बस घेणार नाही. जुन्या बस निवृत्त होतील तशा तिथे विजेवरच्या बस लावण्याचे आम्ही ठरवले आहे.