एफ्टेलिंगचे परीकथावन, तिथली गर्दी आणि आपला डबा

नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील नॉर्ड-ब्राबांट प्रांतात काट्सह्यूव्हेल नावाचे एक लहान गाव आहे आणि त्या गावाला लागून असलेल्या एफ्टेलिंग या उद्यानाला दरवर्षी ५० लाखांहून अधिक लोक भेट देतात. आइंडहोव्हेनमध्ये राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत भारतातून आई-वडील आले की ट्युलिपच्या बागांपाठोपाठ एफ्टेलिंगचाच बेत ठरतो. आम्हीही गेल्या चार वर्षांत तेथे पाच वेळा गेलो. त्यांपैकी शेवटची भेट साताऱ्याहून आलेले आई-बाबा आणि आमची सात वर्षांची मुलगी यांच्यासह, शाळांना शरद ऋतूची सुट्टी असताना, म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत झाली. सत्तरीची माणसे, लहान मूल आणि गर्दी हे तिन्ही एकत्र आले की उद्यानाची खरी परीक्षा होते, आणि या परीक्षेत एफ्टेलिंग मला जे आवडले ते तेथल्या झोकदार पाळण्यांमुळे नव्हे, तर माणसांना कोठे चालवायचे, कोठे थांबवायचे आणि कोठे बसवायचे याचा तेथे झालेल्या विचारामुळे.

या विचाराचे मूळ उद्यानाच्या जन्मात आहे. १९५२ साली एफ्टेलिंगचे परीकथावन उघडले तेव्हा तेथे वेगाने फिरणारे काहीही नव्हते. चित्रकार आंतोन पीक यांनी रेखाटलेली आणि पेटर राइंडर्स यांनी यंत्रे बसवून हलती-बोलती केलेली दहा परीकथांची दृश्ये झाडीत मांडलेली होती, आणि लोक पायवाटेने चालत ती पाहत. आपण या कामात हात घालायचा तर साहित्य अस्सल आणि टिकाऊच हवे, असा पीक यांचा आग्रह होता असे सांगतात. त्यामुळे तेथली घरे पाहताना वीट ही वीट वाटते, लाकूड हे लाकूड वाटते, आणि भिंतीवर चढलेले शेवाळ त्या घराची शोभा वाढवते. आज त्या वनात सुमारे तीस कथा आहेत. पहिले मोठे रोलर कोस्टर, पायथॉन, तब्बल २९ वर्षांनी, १९८१ मध्ये आले. आधी जंगल व पायवाट, आणि मग यंत्रे, या क्रमाचा फायदा आजच्या गर्दीच्या दिवशीही दिसतो.

पहिला फायदा मांडणीचा आहे. प्रवेशद्वारातून, म्हणजे टॉन फान द फेन यांनी रचलेल्या टोकदार गवती छपरांच्या प्रचंड वास्तूखालून, आत गेल्यावर एक रुंद रस्ता लागतो आणि त्याला निरनिराळ्या ‘राज्यांकडे’ जाणारे फाटे फुटतात. बारॉन १८९८, पायथॉन, ‘योरिस आणि ड्रॅगन’ ही साहसी मंडळींची आकर्षणे एकाच राज्यात एकवटलेली असून परीकथावन त्यांच्यापासून बरेच दूर आहे. सकाळी दारे उघडताच धावत सुटणारे तरुण आणि बाबागाडी ढकलणारी कुटुंबे पहिल्या काही मिनिटांतच एकमेकांपासून वेगळी होतात. २०१७ साली उघडलेला सिम्बोलिका हा जादूचा महाल मात्र मुद्दाम मध्यावर ठेवलेला आहे, कारण तो लहान-मोठ्या सगळ्यांसाठी आहे आणि कोणत्याही राज्यातून तेथे पोहोचता येते.

दुसरा फायदा झाडांचा आहे, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. परीकथावनात रांग नाही. वाट सतत वळत राहते, मधे मधे झाडी येते, आणि त्यामुळे आपल्यासोबत त्या वनात हजारो माणसे असली तरी डोळ्यांना त्यांपैकी पन्नास-साठच दिसतात. एका कथेपाशी दाटी झाली तर तीन पावलांवर दुसरी कथा असते. मान हळूहळू उंच करत झाडांच्या शेंड्यापर्यंत नेणारा ‘लांगनेक’, ज्याचे नाव माझ्या मुलीने आजीसाठी ‘लांबमान्या’ असे करून टाकले, लोकांना बराच वेळ रोखून धरतो; त्यामुळे त्याच्यासमोर जागाही ऐसपैस ठेवलेली आहे. वाटा जुन्या आणि अरुंद आहेत हे खरे, आणि दुपारी दोन बाबागाड्या समोरासमोर आल्या की थोडे थांबावे लागते. म्हणून माझा सल्ला असा, की दार उघडताच इतर लोक मोठ्या पाळण्यांकडे वळतात तेव्हा, किंवा चारनंतर, या वनात शिरावे.

भाषेचा प्रश्न येथे येतो, कारण कथा सांगणारे आवाज प्रामुख्याने डच आहेत. बोलक्या वृक्षासमोर आम्ही पंधरा मिनिटे उभे होतो. वृक्ष डचमध्ये गोष्ट सांगत होता, मुलगी ती वाक्यावाक्याने मराठीत आजीला सांगत होती, आणि आई, जिने आजवर नातीला गोष्टी सांगितल्या होत्या, ती पहिल्यांदाच तिच्याकडून गोष्ट ऐकत होती. पुढे १९५८ पासून तेथे असलेला ‘उडता फकीर’ बासरी वाजवून ट्युलिप उगवायला लावतो आणि गालिच्यावर बसून उडतो, तेव्हा मात्र कोणालाच भाषांतर लागले नाही. १९६६ चे ‘भारतीय कमळे’ हे दृश्य बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेल्या कथेवर आधारलेले आहे. अंधाऱ्या गुहेत कमळे उमलतात आणि त्यांतल्या पऱ्या नाचू लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात अशांना येथे सावलीत थोडा वेळ टेकता येते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कचऱ्याच्या व्यवस्थेबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण इतकी सुंदर योजना मी अन्यत्र पाहिलेली नाही. १९५९ पासून एफ्टेलिंगमध्ये ‘होल्ले बोल्ले खाइस’ नावाचे गलेलठ्ठ, सदा भुकेले पुतळे आहेत. ते तोंड उघडे ठेवून “पापीर हीर!”, म्हणजे “कागद इकडे!”, असे पुकारत राहतात, तोंडाजवळ कागद नेला की हवेच्या झोताने तो आत ओढला जातो आणि खाइस आभार मानतो. परिणाम असा होतो की मुले खिशातला, बाकाखालचा, वाटेवर पडलेला कागद शोधून आणतात. आमच्या मुलीने अनोळखी आजोबांच्या हातातला रिकामा खाऊचा पुडा त्यांची परवानगी घेऊन नेला. एवढ्या गर्दीत वाटा स्वच्छ राहतात याचे श्रेय सफाई कर्मचाऱ्यांचे आहेच, पण ‘कचरा टाकू नका’ असा फलक लावण्याऐवजी कचरा टाकण्याचाच खेळ करणाऱ्या कल्पकतेचेही आहे.

आता रांगांविषयी. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे राहिलेल्या माणसाला रांगेची भीती वाटत नाही. त्याला सहन होत नाही ते जागीच खिळणे आणि किती वेळ लागणार हे न कळणे. एफ्टेलिंगने या दोन्ही गोष्टींवर काम केले आहे. तिकीट विशिष्ट तारखेसाठी आधीच घ्यायचे असते, त्यामुळे त्या दिवशी किती माणसे येणार याचा व्यवस्थापनाला अंदाज असतो, आणि प्रत्येक आकर्षणाचा प्रतीक्षाकाळ उद्यानाच्या ॲपवर दिसत राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतीक्षा हा कथेचाच भाग केलेला आहे. १९९६ च्या व्हिला व्होल्टामध्ये लोकांना टप्प्याटप्प्याने दालनांत घेतले जाते, तेथे शापित घरमालकाची गोष्ट सांगितली जाते, आणि मग मुख्य दालनात बाके झुलू लागतात व सभोवतीची खोली फिरू लागते; वस्तुतः आपण फारसे हललेलोच नसतो, तरी उलटे टांगल्यासारखे वाटते. सिम्बोलिकात रांगेच्या शेवटी संगीत, शौर्य आणि खजिना या तीन मार्गांपैकी एक आपण निवडायचा असतो, तर ‘योरिस आणि ड्रॅगन’मध्ये अग्नी की जल हे ठरवायचे असते, कारण दोन गाड्यांची शर्यत लागते. ही निवड वरवर लहान वाटते, परंतु ‘काय घ्यायचे’ या चर्चेत घरातल्या सगळ्यांचा वेळ बरा जातो आणि गर्दीही आपोआप विभागली जाते.

१९७८ चा जुना भुताटकीचा वाडा २०२२ मध्ये बंद करून त्याच्या जागी २०२४ च्या ३१ ऑक्टोबरला सुरू केलेले ‘दांस मकाब्र’ हे याच विचाराचे नवे रूप आहे. त्यात एका विशाल फिरत्या चकतीवर सहा लहान चकत्या असून एका खेपेला १०८ माणसे बसतात. जपमाळेचाच आकडा निघाल्याने आईने तो शुभ मानला आणि भुतांच्या खेळाला निश्चिंतपणे जाऊन बसली. मागच्या रांगेच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे हे, की एका खेपेतच मोठा जथा आत जातो आणि उभी असलेली माणसे ठळकपणे पुढे सरकतात.

बारॉन १८९८ आणि इतर वेगवान पाळण्यांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण आम्ही त्यांत फार वेळ घालवला नाही. बारॉन ३७.५ मीटर उंचीवरून ताशी ९० किलोमीटर वेगाने सरळ खाणीच्या विवरात उडी घेते. एकट्या माणसासाठी वेगळी रांग असते, तिचा उपयोग करून घ्यावा. आई-वडिलांनी आळीपाळीने मुलाजवळ थांबायचे असल्यास दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही, ही सोय माहीत असणे फार उपयोगाचे आहे. वडीलधाऱ्यांसाठी मी गोंदोलेत्ता सुचवीन. पाण्याखालच्या तारेने ओढल्या जाणाऱ्या लहान होड्या तळ्यातून संथपणे फिरत राहतात आणि वीसेक मिनिटे पायांना पूर्ण विश्रांती मिळते. वाफेच्या इंजिनाची आगगाडीही आहे, आणि लांबचे अंतर चालण्याऐवजी ती पकडणे शहाणपणाचे.

जेवणाच्या बाबतीत सर्वांत मोलाची गोष्ट ही, की स्वतःचा डबा आत नेता येतो. आपल्याकडील एका मोठ्या उद्यानाच्या दारात काही वर्षांपूर्वी आईच्या पिशवीतून दशम्या काढून बाजूला ठेवायला लावल्या होत्या, आणि ते तिला इतके लागले होते की या वेळीही ती पिशवी छातीशी धरून आत शिरली. येथे कोणी विचारले नाही. झाडाखालच्या लाकडी बाकावर आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे काढले, तेव्हा शेजारच्या डच कुटुंबानेही पावाचे डबे उघडले होते. हे लोक दुपारी घरचाच पाव खातात, त्यामुळे ही मोकळीक त्यांनाही तितकीच हवी असते. डबा आत आणू दिल्याने उपाहारगृहांपुढची दाटीही कमी होते, हे मला अधिक पटले. जेवणाच्या वेळी हजारो माणसे एकाच वेळी काउंटरकडे वळली तर कोणतीही व्यवस्था कोलमडेल.

विकत खायचे तर शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही, मात्र पदार्थांतले वैविध्य माफक आहे आणि किमती बाहेरच्यापेक्षा चढ्या आहेत. बटाट्याचे गरम तळलेले काप, चीजचा खुसखुशीत रोल, सफरचंदाचा केक हे सर्वत्र मिळते. पॉफरचेस नावाचे लोणी आणि पिठीसाखर घातलेले छोटे गुबगुबीत गोळे ज्या साच्याच्या तव्यावर करतात, तो पाहताच आई म्हणाली, “हे तर आपलं अप्पेपात्र!” सिम्बोलिकाजवळच्या ‘पोल्लेस कोकन’ या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात पॅनकेक मिळतात, आणि तेथली सजावट पाहण्यासाठीसुद्धा जावे. पॉफरचेस आणि पॅनकेकमध्ये अंडे असते, तर हिवाळ्यातल्या वाटाण्याच्या दाट सूपमध्ये साधारणपणे मांस असते, हे अंडे वा मांस न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. स्टॉल एकाच चौकात न ठेवता वाटांवर पेरलेले असल्याने साडेबारा ते दोनची वेळ टाळली की फारसे थांबावे लागत नाही.

सौंदर्याबरोबर जबाबदारीचाही विचार होतो आहे, हे मला येथे नोंदवलेच पाहिजे. ‘मस्या कानिबाल’ या १९८८ च्या फिरत्या भांड्यांच्या खेळात आफ्रिकी माणसाचे विकृत चित्रण होते. त्याच्यावर टीका झाली, आणि २०२२ मध्ये सिंदबादच्या समुद्रसफरीचे रूप देऊन त्याचे ‘सिरोको’ असे नामांतर करण्यात आले. जगभरचे देश दाखवणाऱ्या १९८४ च्या कार्नाव्हाल फेस्टिव्हल या प्रवासातल्या काही बाहुल्याही बदलण्यात आल्या आहेत. ज्यांची चेष्टा होत होती त्यांच्या मुलांनाही हे उद्यान आपले वाटावे, यासाठी हा बदल योग्यच होता. ‘उडता फकीर’ मात्र तसाच आहे, आणि आमच्या घरात त्याबद्दल एकमत झाले नाही: बाबांना तो हसतमुख कलावंत वाटला, तर मला तो पूर्वेकडच्या माणसाविषयीच्या जुन्या कल्पनेतून आलेला दिसला.

दिवस संपताना तळ्याकाठी २०१२ पासून होणारा अक्वानुरा हा कारंज्यांचा कार्यक्रम असतो. तो पाहून सगळे एकदमच दाराकडे वळतात, म्हणून घाई असेल तर त्याच्याआधी दहा मिनिटे निघावे, आणि टिलबुर्ख किंवा डेन बॉस स्थानकाकडे जाणारी बस पकडावी. घाई नसेल तर कार्यक्रम संपल्यावर बाकावर थोडे बसून राहावे. आम्ही तसेच केले. माणसे ओसरेपर्यंत रस्त्यावरचे दिवे मंद पिवळे झाले होते, दूर कोठेतरी खाइस अजून कागद मागत होता, आणि मुलीने डब्याच्या तळाशी उरलेला शेवटचा कागदी रुमाल त्याच्यासाठी घट्ट धरून ठेवला होता.